आळंदीची भावंडे : एका नात्याचा वाङ्मयीन इतिहास

मराठी वाङ्मयातील भावंडांच्या नात्याचा विचार करू लागले म्हणजे एक गोष्ट प्रथमच ध्यानात येते. हे नाते आपल्याकडे सहसा एकटे येत नाही. भावाभावांचे नाते वाटणीच्या निमित्ताने येते, आणि बहीणभावाचे नाते सासर-माहेरच्या निमित्ताने. ‘भाऊबंद’ या मूळच्या आपुलकीच्या शब्दापासून ‘भाऊबंदकी’ हा वैराचा वाचक शब्द आपल्या भाषेने बनविला, ही शब्दार्थशास्त्राच्या दृष्टीने मोठी बोलकी घटना आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०९ मधील ‘भाऊबंदकी’ नाटकातील संघर्ष तर चुलते-पुतण्यांचा, रघुनाथराव व नारायणराव यांचा आहे. तरीही त्यास हेच नाव शोभले, कारण या शब्दात रक्ताच्या जवळिकीपेक्षा वतनाच्या आणि सत्तेच्या वाट्याचाच अर्थ प्रबळ झालेला होता. ‘बहीण’ या शब्दापासून मात्र असा वैरवाचक शब्द मराठीत सिद्ध झाला नाही. तिचा वाटाच नव्हता, तेव्हा वैर कशाचे करावयाचे? महाराष्ट्रात १९९४ मध्ये व सर्व देशात २००५ मध्ये कायद्याने मुलीला वडिलार्जित संपत्तीत जन्मसिद्ध हक्क दिला. त्यानंतर भाषेत काय घडते, हे पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनी पाहावयाचे आहे.

बहिणीच्या बाजूने पाहिले तर जात्यावरच्या ओव्यांचे विशाल भांडार समोर येते. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये अशा ओव्या एकत्र केल्या. पुढे हेमा राईरकर व गी पॉइतव्हाँ यांच्या प्रयत्नाने एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. या ओव्यांतील भाऊ जवळजवळ नेहमी वाटेवर असतो. तो मुराळी म्हणून येणार असतो, किंवा येऊन गेलेला असतो, किंवा येत नाही म्हणून बहीण उंबऱ्यात उभी असते. चोळीचा खण, पंचमीचा सण, भाऊबीजेची ओवाळणी ही सारी त्या अंतराची मापे होत. ‘माहेरची साडी’ हा १९९१ मधील चित्रपट ज्या भावनेवर उभा राहिला ती भावना या ओव्यांतूनच उतरली आहे. त्या चित्रपटाच्या गुणावगुणांविषयी कोणाचे काहीही मत असो, त्याच्या नावातील दोन शब्दांनी महाराष्ट्रातील स्त्रीवर्गाला सर्व कथानक अगोदरच सांगून टाकले होते, हे मान्य करावे लागेल.

या पार्श्वभूमीवर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई या चार भावंडांकडे पाहिले असता त्यांचे वेगळेपण स्पष्ट होते. त्यांना वाडा नव्हता, म्हणून वाटणी नव्हती. मुक्ताबाईला सासर नव्हते, म्हणून माहेरही नव्हते. संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात आलेल्या विठ्ठलपंतांची ही मुले, आणि आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यानंतर समाजाने बाजूस टाकलेली. जी दोन निमित्ते मराठी भावंडांना वाङ्मयात प्रवेश मिळवून देतात ती दोन्ही बहिष्काराने त्यांच्यापासून हिरावून घेतली होती. उरले ते नुसते नाते. या नुसत्या नात्याला शब्द कोणी, केव्हा आणि कशा भाषेत दिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभ ज्ञानेश्वरीपासून करावयास हवा, आणि तेथेच अभ्यासकाला पहिला अडथळा येतो. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या अखेरीस यादव राजा रामचंद्राचे नाव येते, लेखक सच्चिदानंदबाबांचे नाव येते, आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गोरक्ष व गहिनी यांच्या द्वारा निवृत्तीपर्यंत आलेली गुरुपरंपरा येते. परंतु त्या परंपरेतील निवृत्ती हे गुरू आहेत, आणि ज्ञानदेव स्वतःला निवृत्तिदास म्हणवितात. एकाच आईच्या कुशीत वाढलेला वडील भाऊ या दासाने गुरुपदात पूर्णपणे लपवून टाकला आहे. सोपान व मुक्ता यांना तर त्या समाप्तीच्या ओव्यांत स्थानच नाही. ग्रंथकाराने राजाची नोंद करावी आणि धाकट्या बहिणीची करू नये, याचे आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल. पण त्या काळच्या ग्रंथरचनेचा संकेत पाहता त्यात नवल नाही. ग्रंथाला गुरू असतो, आश्रय असतो, काळ असतो, घर नसते. याच सुमाराच्या ‘लीळाचरित्रा’त म्हाइंभटाने माणसांचे घरगुती बोलणे, रुसणे, जेवणखाण टिपून ठेवले आहे. तसे एखादे गद्य आळंदीच्या वाट्याला आले असते तर प्रस्तुत लेखाची गरजच पडली नसती.

तात्पर्य, ज्ञानदेवांच्या भावंडपणाचे चित्र त्यांच्या स्वतःच्या प्रमुख ग्रंथातून येत नाही. ते येते अभंगांतून आणि चरित्रपरंपरेतून. या दोहोंच्या भाषेचे वय मोठे संशयास्पद आहे. ज्ञानेश्वरीची प्रत शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये एकनाथांनी शुद्ध केली. निदान त्या वर्षापासून तिच्या पाठाला एक मर्यादा पडली. अभंगांना असा एकनाथ भेटला नाही. ते टाळकऱ्यांच्या तोंडी राहिले, आणि तोंडी राहिलेली भाषा प्रत्येक पिढीबरोबर थोडी थोडी तरुण होत जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या नावाने लिहिणाऱ्या लेखकाने ज्ञानेश्वरीचे कर्ते आणि अभंगांचे कर्ते असे दोन ज्ञानदेव असल्याचा पक्ष मांडला, त्याच्या मुळाशी भाषेतील हीच तफावत होती. तो पक्ष बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारला नाही, आणि ते योग्यच झाले असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तथापि त्या वादाची एक बाजू दुर्लक्षिली गेली. दोन ज्ञानदेव मानले तर मुक्ताबाई कोणाची बहीण, हा प्रश्न उभा राहतो. अभंगकर्त्याला चार भावंडांचे घर मिळते आणि ग्रंथकर्ता एकटा पडतो. महाराष्ट्राच्या मनाने हे विभाजन मानले नाही, त्याचे कारण केवळ भक्ती नसावे. ज्ञानेश्वरीच्या कर्त्याला बहीण असावी, अशी वाचकांची इच्छाही त्यात असावी.

ही इच्छा पुरी केली ती ताटीच्या अभंगांनी. प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. लोकांच्या कठोर बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसतात, आणि धाकटी मुक्ताबाई बाहेर उभी राहून त्यांची समजूत घालते. लोकप्रिय संग्रहांत या अभंगांची संख्या ४२ धरली जाते. ‘ताटी’ हा शब्द येथे सूक्ष्मपणे पाहण्यासारखा आहे. ताटी म्हणजे दार नव्हे. दाराला चौकट असते, कडी असते, मागे घर असते. ताटी ही कामट्यांची विणलेली, टेकवून ठेवावयाची आडोशाची वस्तू आहे. तिच्यातून आवाज जातो, उजेडही जातो, लहान मुलीने जोराने ढकलली तर ती पडेलही. मुक्ता ती ढकलीत नाही, उघडावयास सांगते. (कित्येक ठिकाणी तिरडीलाही ताटी म्हणतात. पुढे ज्ञानदेवांनी जिवंतपणी समाधी घेतली हे माहीत असणाऱ्या श्रोत्याच्या कानात हा दुसरा अर्थ वाजत असेल काय, हे सांगणे कठीण. परंतु शब्द तोच आहे.)

आता या अभंगांची संबोधने पाहू. आजच्या मराठीत भावंडांच्या संबोधनाचा नियम साधा आहे : धाकट्याला नावाने हाक मारावी, वडिलाला नात्याने. दादा, ताई, अण्णा, अक्का हे सर्व शब्द वडील भावंडांसाठी आहेत. त्यांतील अण्णा व अक्का आपण कानडीतून घेतले. धाकट्या भावंडासाठी असे खास संबोधन मराठीने केले नाही व उसनेही आणले नाही. ताटीच्या अभंगांत धाकटी बहीण वडील भावाला नावाने हाक मारते, आणि क्रियापद मात्र आदरार्थी बहुवचनाचे योजिते. नाव एकवचनी संबोधनात आणि आज्ञार्थ बहुवचनात, ही सांगड घरगुती बोलण्याची नव्हे. बहीण एक तर नात्याने हाक मारील आणि एकवचनात बोलेल, किंवा सलगीने दोन्हीकडे एकवचन वापरील. नाव घेऊन आदराचे क्रियापद लावणे ही भक्ताची देवाला, निदान संताला घातलेली हाक आहे. शिवाय ते नावही ‘ज्ञानेश्वर’ असे आहे. ज्ञानेश्वरीत कवी स्वतःला ज्ञानदेव म्हणवितो. यावरून एवढे म्हणता येते की, अभंगाच्या अखेरीस पुनःपुन्हा येणारे ध्रुवपद आपल्याला आज ज्या रूपात मिळते ते कीर्तनाच्या मंडळीत घडलेले रूप आहे. तेथे मुक्ताबाईबरोबर सारा फडच ताटीबाहेर उभा राहून हाक मारीत आहे.

एवढ्यावरून सर्व अभंग उत्तरकालीन ठरवावयाचे काय? तसे करणे उतावीळपणाचे होईल. ध्रुवपद आणि अभंगाचा आतला भाग यांचे वय एकच असले पाहिजे असा नियम नाही. आतल्या भागाची बोलण्याची तऱ्हा पाहिली म्हणजे निराळेच काही हाती लागते. तेथे मुक्ता भावाला प्रत्यक्ष उपदेश क्वचितच करते. ती योग्याविषयी बोलते, संताविषयी बोलते, आणि तेही तृतीयपुरुषात. योगी कसा असतो, संत कोणास म्हणावे, जग आग झाले असता त्याने काय करावे, हे ती जणू तिसऱ्याच कोणाचे वर्णन सांगावे तसे सांगते. ऐकणाऱ्याने ते आपल्याला लावून घ्यावयाचे. घरात धाकट्याने वडिलाला शिकवावयाचे असेल तर मराठी माणूस आजही हीच वाट धरतो. ‘तू रागावू नकोस’ असे न म्हणता ‘शहाणी माणसे रागावतात का?’ असे म्हणतो. मर्यादा राखूनही बोलणे पोचविण्याची ही रीत आहे, आणि ती भावंडांच्या अनुभवातून आलेली आहे. दृष्टान्तही तसेच घरातले आहेत. जीभ दातांखाली सापडली म्हणून कोणी दात पाडून टाकीत नाही, हा मुद्दा पटवून देण्यास वेदान्ताची गरज नाही. एका पंक्तीला जेवलेले असणे पुरे. माझ्या मते ध्रुवपद संप्रदायाचे आहे आणि दृष्टान्त घरचे आहेत. ते घर तेराव्या शतकातील आळंदीचेच होते असे भाषेवरून सिद्ध करता येणार नाही. पण ज्याने किंवा जिने हे अभंग रचले त्या व्यक्तीला भावंडांत वाढल्याची जाण होती, इतके तरी मान्य करावयास हरकत नसावी.

मुक्ताबाईच्या वयाचा प्रश्न याच संदर्भात येतो. जन्मशकांच्या दोन परंपरा आहेत. एकीनुसार निवृत्ती शके ११९५, ज्ञानदेव ११९७, सोपान ११९९ आणि मुक्ता १२०१. जनाबाईच्या नावावरील एका अभंगानुसार हेच अनुक्रमे ११९०, ११९३, ११९६ व ११९९. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या वेळी मुक्ता अकरा किंवा तेरा वर्षांची, आणि ज्ञानदेव पंधरा किंवा एकोणीस वर्षांचे ठरतात. कोणतीही परंपरा घेतली तरी भावंडांत दोन किंवा तीन वर्षांचे अंतर आहे. ते इतके सारखे आहे की गणित करून बसविल्यासारखे वाटते. नावेही तशीच : निवृत्ती, ज्ञान, सोपान, मुक्ती. ओळीने वाचली तर एक वाक्यच होते. पुढे परंपरेने निवृत्तींना शिवाचा, ज्ञानदेवांना विष्णूचा, सोपानांना ब्रह्मदेवाचा आणि मुक्ताबाईला आदिमायेचा अवतार मानले. अशा रूपकाने नात्याचे तेज वाढते खरे, परंतु नाते पुसट होते. आदिमायेला मांडे खाण्याची इच्छा होत नाही.

मांड्यांची कथा ही या रूपकावरची उत्तम मात्रा आहे. मुक्तेला मांडे करावयाचे असतात, विसोबा चाटी कुंभाराला खापर देऊ देत नाही, आणि ज्ञानदेव आपली पाठ योगाग्नीने तापवून तिच्यापुढे धरतात. मांडा पालथ्या खापरावर भाजतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला वाकलेल्या पाठीची कल्पना कोठून आली हे सांगावे लागत नाही. चमत्कार म्हणून ही कथा आपण बाजूस ठेवू. कथेची रचना मात्र पाहण्यासारखी आहे. बहिष्कार येथे शास्त्रार्थाच्या भाषेत येत नाही. तो एका मातीच्या भांड्याच्या नकाराच्या रूपाने स्वयंपाकघरापर्यंत येतो, आणि त्याला उत्तर भाऊ देतो. चांगदेवाच्या कोऱ्या पत्राच्या कथेतही मुक्तेचा वाटा असाच आहे. चौदाशे वर्षांचा म्हणून प्रसिद्ध असलेला योगी अजून कोराच राहिला, हा विनोद परंपरेने तिच्याच तोंडी घातला, ज्ञानदेवांच्या नव्हे. निवृत्तींच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी त्या पत्राचे उत्तर पासष्ट ओव्यांत दिले. विनोद धाकटीने करावा, आज्ञा थोरल्याने करावी आणि काम मधल्याने करावे, ही वाटणी कोणत्याही मराठी घरात चालत आलेली आहे. महिपतीने ‘भक्तविजया’त (शके १६८४, इ. स. १७६२) ही चरित्रे गावोगावच्या श्रोत्यांपर्यंत नेली तेव्हा श्रोत्यांना ती ओळखीची वाटली, ती यामुळेही. सोपानाला मात्र या सर्वांत फारसे बोलावयास मिळत नाही. तिसऱ्या भावंडाचे सर्वत्र असेच होते, असे गमतीने म्हणता येईल.

नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत या नात्याचा सर्वांत मोठा उलटा फेरा येतो. या प्रकरणातील सर्वच अभंग ज्ञानदेवसमकालीन नामदेवांचे नसावेत. विष्णुदास नामा आणि इतर नामे यांची रचना नामदेवांच्या गाथ्यात मिसळली आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यातील निवृत्तींचा शोक ज्याने लिहिला त्याने ज्ञानेश्वरी समजून घेतली होती. ज्ञानेश्वरीत भावाचा गुरू झाला होता. येथे समाधीच्या शिळेपाशी गुरूचा पुन्हा भाऊ होतो. ज्याने अद्वैत शिकविले तोच शोक आवरू शकत नाही, आणि कवी त्याबद्दल त्याला कमी लेखीत नाही. आईबाप गेले तेव्हाही इतके दुःख झाले नव्हते अशा आशयाचे बोलणे निवृत्तींच्या तोंडी येते. त्याचा अर्थ उघड आहे : तेव्हा चौघे होते. कार्तिक वद्य त्रयोदशी शके १२१८ (इ. स. १२९६) या दिवशी ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. पुढच्याच महिन्यात सोपानांनी सासवडला. शके १२१९ च्या वैशाखात मुक्ताबाई तापीकाठी विजेच्या लोळात अंतर्धान पावल्याची कथा आहे, आणि ज्येष्ठात निवृत्तींनी त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली. सात महिन्यांत सर्व घर संपले, आणि सर्वांत वडील असलेल्याला तिघांचे जाणे पाहावे लागले. हा क्रम इतिहास असो वा परंपरेची रचना असो, त्याहून कठोर क्रम एखाद्या शोकात्म नाटककारालाही सुचला नसता.

पुण्याच्या प्रभात कंपनीने १९४० मध्ये दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली ‘संत ज्ञानेश्वर’ काढला, तेव्हा शिवराम वाशीकरांपुढे कथेच्या दृष्टीने जो प्रश्न होता तो पूर्वीच्या कोणत्याही चरित्रकारापुढे नव्हता. ओवीत चार मुले एका शब्दात सांगता येतात. पडद्यावर चार मुलांना एकमेकांशी बोलावे लागते. याच संस्थेच्या १९३६ च्या ‘संत तुकारामा’त आवलीच्या तोंडच्या बोलण्याने संसार उभा केला होता. ज्ञानेश्वरांना आवली नाही. संसाराचा सर्व भार भावंडांनीच उचलला पाहिजे, आणि चित्रपटाने तो त्यांच्यावर टाकला. बालज्ञानेश्वरांचे काम यशवंत या बालनटाने केले, मोठेपणीचे शाहू मोडक यांनी; मोठी मुक्ता सुमती गुप्ते यांची. चालती भिंत आणि वेद म्हणणारा रेडा यांच्या छायाचित्रणाची त्या वेळी फार वाहवा झाली, पण पोरक्या मुलांनी एकमेकांना धरून राहणे हेच चित्रपटाचे खरे बळ आहे, असे मला वाटते. भिंत चालते तेव्हा प्रेक्षक यंत्रविद्येचे कौतुक करतो. त्या भिंतीवर चार भावंडे शेजारी शेजारी बसली आहेत म्हणून त्याला ती आपली वाटते. या चित्रपटाने एक नुकसानही केले. मुक्ताबाई गोड झाली. ताटीबाहेर उभी राहून वडील भावाला संतपणाची व्याख्या ऐकविणारी, चांगदेवाची गुरू झालेली मुक्ता धारदार आहे. तिला केवळ लाडकी धाकटी बहीण करणे हे तिच्या अभंगांना धरून नाही. यापुढील बालवाङ्मयात ‘निवृत्तीदादा’, ‘ज्ञानदादा’ अशी संबोधने आढळतात, ती याच गोडव्याची अपत्ये होत. अभंगांतील संबोधन घरगुती नव्हते. आधुनिक लेखकाने ते घरगुती केले आणि त्याबरोबर तिची वाणी उतरविली. २०२५ मध्ये पडद्यावर आलेल्या चित्रपटाचे नाव ‘संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई’ असे आहे. त्यात तिला शीर्षकात स्थान मिळाले खरे, पण षष्ठी विभक्तीच्या आधाराने.

संप्रदायाने या भावंडांना दिलेल्या नावांकडे मात्र अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. ज्ञानदेव ‘माउली’ झाले, आणि सोपान ‘सोपानकाका’. नात्याच्या हिशेबाने आईचा भाऊ तो मामा. ज्ञानोबा खरोखर आईच्या जागी असते तर सोपान मामा ठरावयास हवे होते. वारकऱ्याच्या जिभेने त्यांना काका केले, म्हणजे माउली या शब्दाने वत्सलता स्वीकारली, तरी नातेव्यवस्थेतील स्थान बापाचेच राहिले. याच न्यायाने मुक्ताबाई ‘आत्या’ व्हावयास हवी. तिला तसे कोणी म्हणत नाही. ती ‘मुक्ताई’ आहे, आणि त्या ‘आई’त मातृत्व किती व देवत्व किती, याची छाननी खानदेशातील बोलींच्या साहाय्याने कोणी तरी करावयास हवी. आषाढीला चारही पालख्या पंढरपुरास निघतात : आळंदीहून, सासवडहून, त्र्यंबकेश्वराहून आणि तापीच्या खोऱ्यातील मुक्ताईनगराहून. चौघांत सर्वांत लांबची वाट मुक्तेची आहे. पंढरपूर जवळ आले की माउलींचा आणि सोपानकाकांचा रथ वाटेत एकमेकांजवळ आणतात, नारळ-प्रसादाची देवघेव होते, आणि त्या भेटीला वारकरी ‘बंधुभेट’ म्हणतात. तेथे माउली नसते, काका नसतो, गुरुशिष्यही नसतात. आळंदीच्या नात्याला त्याचे साधे नाव वारीत या एका ठिकाणी मिळते.